एक चाक फिरतं, दुसरं थांबतं : ट्रॅक्टरचं डिफरन्शियल लॉक

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

आज मी हप्त्याबद्दल बोलणार नाही, पापडाच्या पॅकिंगबद्दलही नाही. आज मी ट्रॅक्टरच्या एका भागाबद्दल बोलणार आहे. तो भाग डोळ्यांना दिसत नाही. तो मागच्या दोन मोठ्या चाकांच्या मधे, लोखंडी पेटीत, तेलात बुडून बसलेला असतो. त्याचं नाव डिफरन्शियल. आणि त्याला जे कुलूप असतं, त्याचं नाव डिफरन्शियल लॉक. ड्रायव्हर लोक त्याला नुसतं "लॉक" म्हणतात.

तुम्ही म्हणाल, हे ड्रायव्हरचं काम, आपल्याला कशाला? सांगते. आता कितीतरी गावांत महिला गटांनी, ग्रामसंघांनी अवजार बँक सुरू केली आहे. ट्रॅक्टर आपल्या नावावर, कर्ज आपल्या नावावर, हप्ता आपल्या खात्यातून. पण ट्रॅक्टर बंद पडला की आपण चार पावलं मागे उभ्या राहतो आणि मेकॅनिक सांगेल ती रक्कम मोजतो. ज्या वस्तूचं कर्ज आपण फेडतो, ती वस्तू चालते कशी हे आपल्याला ठाऊक असायला हवं. घरात नवी गिरणी आली तर आपण दोन दिवसांत तिची सगळी नस ओळखतो. मग ट्रॅक्टरला का घाबरायचं?

आणि दुसरं कारण पैशापेक्षा मोठं आहे. चिखलात रुतलेला ट्रॅक्टर चुकीच्या पद्धतीने काढताना माणसं दगावतात. त्याबद्दल मी शेवटी बोलणार आहे. तेवढं तरी ऐकल्याशिवाय रेडिओ बंद करू नका.

आता मूळ मुद्दा. ट्रॅक्टर वळताना काय होतं ते बघू.

खळ्यावरची मळणी आठवते ना? आता मळणी यंत्रं आली, पण आपल्या आईने, सासूने पाहिलेलं आहे. मधे तिवडा रोवलेला, त्याला बैलांची पात बांधलेली. सगळे बैल एका ओळीत, एकाच वेळी गोल फिरतात. पण तिवड्याजवळचा बैल हळू चालतो, जवळजवळ जागच्या जागी वळतो. आणि कडेच्या बैलाला मात्र पाय उचलून चालावं लागतं, कारण त्याचा घेर मोठा. म्हणून तर म्हातारा बैल आतल्या बाजूला बांधायचे आणि तरणा बाहेरच्या बाजूला.

ट्रॅक्टरच्या चाकांचं अगदी तसंच आहे. वळताना आतल्या चाकाला कमी अंतर जायचं असतं, बाहेरच्या चाकाला जास्त. किती जास्त? हिशेब करू. मागच्या दोन चाकांमधलं अंतर साडेचार फूट धरा. ट्रॅक्टर तासाच्या टोकाला जाऊन पूर्ण मागे फिरला, म्हणजे त्याने अर्धा वळसा घेतला. तेवढ्यात बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे १४ फूट जास्त चालतं. गंमत अशी, की वळसा लहान घ्या की मोठा घ्या, हा फरक तेवढाच राहतो.

आता ही दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की ठोकली असती, बैलगाडीच्या जमान्यातल्या एखाद्या खेळण्यासारखी, तर काय झालं असतं? दोघांना सारखेच फेरे घ्यावे लागले असते. मग वळताना एक चाक फरफटलं असतं. टायर झिजला असता, माती उखडली असती, दांड्याला पीळ बसला असता आणि ट्रॅक्टर वळायलाच तयार झाला नसता. बैलगाडीला ही अडचण येत नाही, कारण तिची दोन्ही चाकं आपापली मोकळी फिरतात. बैल गाडीला ओढतो, चाकाला कोणी फिरवत नाही. ट्रॅक्टरमध्ये मात्र इंजिन चाकालाच फिरवतं. म्हणून प्रश्न असा होता, की ताकद दोन्ही चाकांना द्यायची आणि तरी दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू द्यायचं, हे जमवायचं कसं?

हे जमवणाऱ्या दातेरी चाकांच्या जुळणीला डिफरन्शियल म्हणतात. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या पेकर नावाच्या घड्याळजीने वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी तिचं पेटंट घेतलं होतं. घड्याळातली बारीक दातेरी चाकं हाताळणारा माणूस, त्यालाच ही युक्ती सुचावी यात नवल नाही.

पेटीच्या आत काय असतं ते सांगते. डोळे मिटून चित्र उभं करा. इंजिनची ताकद गिअर बॉक्समधून मागे येते आणि एका लहान दातेरी चाकाला मिळते. ते पिनियन. पिनियन एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं. तो क्राऊन. मेकॅनिक "क्राऊन-पिनियन" म्हणतो ते हेच. क्राऊनला एक पिंजरा जोडलेला असतो, आणि त्या पिंजऱ्यात चार दातेरी चाकं एकमेकांत दात अडकवून बसलेली असतात. त्यातली दोन डाव्या-उजव्या चाकांच्या दांड्यांना जोडलेली. उरलेली दोन लहान चाकं या दोघांच्या मधे, पिंजऱ्यातल्या आडव्या खिळीवर बसवलेली. ही मधली लहान चाकं म्हणजे दोन जावांमधली समजूतदार सासू. दोघींशी त्यांचं नातं सारखं.

ट्रॅक्टर सरळ चालला की मधली चाकं स्वतःभोवती फिरतच नाहीत. पिंजऱ्याबरोबर नुसती गोल जातात आणि दोन्ही दांड्यांना बरोबरीने घेऊन जातात. ट्रॅक्टर वळायला लागला, आतलं चाक मंदावलं, की मधली चाकं स्वतःभोवती थोडी फिरतात आणि आतल्या चाकाने जेवढे फेरे सोडले तेवढे बाहेरच्या चाकाला देतात.

आपण गटाच्या वहीत बेरीज जुळवतो, तशीच इथेही बेरीज जुळते. समजा क्राऊन मिनिटाला ८० फेरे घेतोय. सरळ चालताना डावा दांडा ८०, उजवा दांडा ८०. बेरीज १६०. वळताना आतला ७०, बाहेरचा ९०. बेरीज १६०. आणि समजा एक चाक पूर्ण थांबलं, शून्य झालं, तर दुसरं किती? सांगा बरं. बरोबर, १६०. म्हणजे एक चाक जागेवर उभं आणि दुसरं दुप्पट वेगाने गरगर फिरतंय. हे चित्र तुम्ही पावसाळ्यात पाहिलेलं आहे. खाचरात ट्रॅक्टर रुतला, एका बाजूचं चाक चिखल उडवत फिरतंय, दुसरं कोरड्या जागेवर असूनही ढिम्म हलत नाही. लोक म्हणतात, "इंजिन कमी पडलं." इंजिन कमी पडलेलं नाही. डिफरन्शियल त्याचं नेमून दिलेलं काम करतंय.

पण कोरड्या जागेवरचं चाक का फिरत नाही? तिथे तर पकड चांगली आहे. हे नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथेच आहे.

डिफरन्शियल दोन्ही चाकांना फेरे वेगवेगळे घेऊ देतं, पण जोर मात्र दोघांना सारखाच देतं. एकाला कमी, दुसऱ्याला जास्त, असा जोर त्याला देताच येत नाही. बैलांच्या जुवाकडे बघा. जुवाच्या मधोमध नाडा बांधलेला असतो, नांगर तिथून ओढला जातो. दोन्ही बैल सारखे ओढत असतील तर जू आडवं सरळ राहतं. पण एका बैलाने अंग टाकलं तर काय होतं? दुसरा बैल कितीही जोरकस असला तरी नांगर पुढे जात नाही. जू नाड्याभोवती तिरकं फिरतं, तेवढंच. चांगल्या बैलाचा जोर वाया जातो, कारण पलीकडे त्याला तोलून धरणारं कोणी उरलेलं नसतं.

ट्रॅक्टरमध्ये चिखलातलं चाक म्हणजे अंग टाकलेला बैल. त्याला पकड नाही, म्हणून त्याला फिरवायला फारसा जोरच लागत नाही. आणि त्याला जेवढा जोर लागतो, तेवढाच जोर दुसऱ्या चाकाला मिळतो. आकड्यात सांगते. समजा ट्रॅक्टर आणि रोटावेटर पुढे न्यायला एकूण ६०० किलोचा जोर हवा आहे. कोरड्या जागेवरचं चाक ८०० किलोपर्यंत पकड धरू शकतं. चिखलातलं चाक फक्त १०० किलोला घसरतं. तुम्हाला वाटेल, ८०० अधिक १००, म्हणजे ९०० मिळतील. नाही. चिखलातल्या चाकाने १०० घेतले, म्हणून कोरड्या चाकालाही १००च मिळाले. एकूण २००. हवेत ६००. ट्रॅक्टर जागेवर. इंजिन पन्नास हॉर्सपॉवरचं असलं काय आणि शंभरचं असलं काय, यात फरक पडत नाही. उलट जितका जास्त ॲक्सिलरेटर द्याल, तितकं ते चाक वेगाने फिरून स्वतःसाठी खोल खड्डा खणेल.

इथे लॉकचं काम येतं.

लॉक म्हणजे काय? पिंजऱ्याशेजारी दांड्यावर एक दातांची कडी बसवलेली असते. लॉकचं पेडल दाबलं की ती कडी सरकते आणि तिचे दात पिंजऱ्याच्या दातांत जाऊन बसतात. झालं, पिंजरा आणि एका बाजूचा दांडा एकजीव झाले. एक बाजू पिंजऱ्याला बांधली गेली की मधल्या चाकांना स्वतःभोवती फिरायला वाव राहत नाही, म्हणून दुसरी बाजूही आपोआप बांधली जाते. आता दोन्ही चाकं एकाच लोखंडी दांड्यावर ठोकल्यासारखी, सारखे फेरे घेणार. जू फिरू नये म्हणून ते नांगराला आडवं घट्ट जखडलं असं समजा. मग एक बैल बसला तरी दुसऱ्याची ओढ नांगरापर्यंत पोचते. हिशेबात सांगायचं तर चिखलातल्या चाकाचे १०० आणि कोरड्या चाकाकडून हवे तेवढे ५००. झाले ६००. ट्रॅक्टर निघाला.

हे पेडल असतं कुठे? बहुतेक ट्रॅक्टरवर सीटच्या खाली, उजव्या पायाच्या टाचेजवळ एक लहानसं लोखंडी पेडल असतं. काही ट्रॅक्टरवर हाताचा दांडा असतो. ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत त्याचं चित्र असतं. ती पुस्तिका गटाच्या दप्तरात ठेवा, ड्रायव्हरच्या घरी नको.

आमच्या भागातल्या एका गटाची गोष्ट सांगते. ऐन चिखलणीत त्यांचा ट्रॅक्टर पुन्हा पुन्हा रुतायला लागला. ड्रायव्हर म्हणाला, "मागचं काम निघालंय." एका गॅरेजवाल्याने हाउसिंग खोलावं लागेल असं सांगितलं आणि मोठा आकडा लिहून दिला. गटातल्या एका ताईंचे भाऊ ट्रॅक्टर चालवतात. ताईंनी त्यांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "लॉकचं पेडल खाली जातंय का?" बघितलं तर पेडल माती आणि गंजाने जाम झालेलं. कित्येक महिने कोणी त्याला पायच लावला नव्हता. माती खरवडली, तेल सोडलं, सांधा मोकळा केला, दोन-चार वेळा दाबून बघितलं. ट्रॅक्टर त्याच दिवशी खाचरात गेला. त्या गटाचा खर्च वाचला ही एक गोष्ट. पण आपल्याकडे चिखलणीचा हंगाम असतो किती दिवसांचा? लावणीच्या त्या पंधरा-वीस दिवसांत ट्रॅक्टर गॅरेजमध्ये पडून राहिला असता तर वर्षाची कमाई गेली असती. हप्ता काही थांबत नाही.

आता लॉक वापरायची रीत. वहीत लिहून घ्या, आणि तुमच्या ड्रायव्हरदादाला वाचून दाखवा.

पहिली गोष्ट. चाक गरगर फिरत असताना लॉक दाबायचं नाही. फिरत्या दातांवर उभे दात जाऊन आदळतात आणि तुटतात. आधी क्लच दाबा, ॲक्सिलरेटर कमी करा, चाक थांबू द्या. मग लॉकचं पेडल टाचेने दाबून धरा. खालच्या गिअरमध्ये, क्लच हळूहळू सोडा. पेडल खाली जात नसेल तर त्यावर उड्या मारू नका. दात समोरासमोर आले असतील. क्लच थोडा सोडला की दात जुळतात आणि पेडल बसतं.

दुसरी गोष्ट. लॉक फक्त सरळ चालताना. वळायच्या आधी पाय उचलायचाच. लॉक लागलेलं असेल तर मागची दोन्ही चाकं सारखीच फिरतात आणि ट्रॅक्टरला सरळच ढकलतात. तुम्ही स्टेअरिंग कितीही फिरवा, पुढची लहान चाकं वळतील, पण घसरत घसरत सरळ जातील. समोर बांध असेल, विहीर असेल, कालवा असेल, तर पुढे काय होईल ते सांगायला नको. त्यातून ट्रॅक्टर वळलाच तर आतल्या दांड्यांवर आणि दातांवर असा ताण येतो की काहीतरी तुटतंच.

तिसरी गोष्ट. पाय काढला की लॉक स्प्रिंगने आपोआप सुटायला हवं. कधी कधी दातांवर पीळ बसलेला असतो, म्हणून सुटत नाही. तेव्हा सरळ रेषेतच क्लच दाबून थोडं पुढे-मागे करा. ताण निघाला की ते सुटतं. सुटलं याची खात्री झाल्याशिवाय स्टेअरिंग फिरवू नका.

चौथी गोष्ट. डांबरी रस्त्यावर, कडक जमिनीवर लॉक लावायचं नाही. तिथे पकड भरपूर असते, लॉकची गरजच नसते. चिखलात, ओल्या काळ्या रानात, वाळूत, ओढ्याच्या पात्रात, तिथे त्याचं काम.

आणि पाचवी गोष्ट शहाणपणाची. पुढे घसरण्याची जागा दिसतेय, तर रुतण्याची वाट बघू नका. आधीच, ट्रॅक्टर सरळ असताना, लॉक लावून ती जागा पार करा आणि मग सोडा. खड्डा पडल्यावर लॉकही कमी पडतं.

काही बहिणी विचारतात, "आमचा ड्रायव्हर लॉक वापरत नाही, एका बाजूचा ब्रेक मारून काढतो. ते बरोबर का?" ही जुनी युक्ती आहे, आणि ती चालते. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे दोन वेगळे ब्रेक असतात. फिरणाऱ्या चाकाला हलका ब्रेक लावला की त्या चाकाला फिरायला जोर लागतो. आणि आत्ताच आपण शिकलो, एकाला जेवढा जोर, तेवढाच दुसऱ्याला. म्हणजे अंग टाकलेल्या बैलाला धरून उभं केलं, की दुसऱ्याची ओढ कामाला येते. पण यात थोडी ताकद ब्रेक तापवण्यात जाते. आणि लॉक लागलेलं असताना एका बाजूचा ब्रेक कधीही मारायचा नाही. शेतातून रस्त्यावर येताना दोन्ही ब्रेक पेडल कडीने एकत्र जोडायची. ही कडी विसरली आणि वेगात एकच ब्रेक दाबला गेला, तर ट्रॅक्टर एका बाजूला झटका खाऊन उलटू शकतो. ट्रॉलीत बायका बसलेल्या असतात, मैत्रिणींनो. मुळात ट्रॉली माणसं वाहायला नाही, पण आपण बसतो हे खरं आहे. निदान कडी लावलीय का, एवढं विचारायला शिका.

आता ज्यांच्या घरी जीप आहे, मुलगा किंवा दीर घाटात गाडी चालवतो, त्यांच्यासाठी दोन शब्द. गाडीवर "फोर बाय फोर" लिहिलेलं असतं, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळते. पण फोर बाय फोर म्हणजे लॉक नव्हे. पुढच्या दोन चाकांमधे एक डिफरन्शियल, मागच्या दोन चाकांमधे एक. दोन्ही मोकळी असतील तर पुढचं एक आणि मागचं एक, अशी दोनच चाकं घसरली तरी चार चाकांची गाडी जागेवर उभी राहते. मागच्या डिफरन्शियलला लॉक असेल तर मागची दोन्ही चाकं घसरेपर्यंत गाडी हार मानत नाही. पुढेही लॉक असेल तर एका चाकाला पकड मिळाली तरी ती निघू शकते. पुण्याच्या फोर्स कंपनीच्या गुरखा गाडीत पुढे आणि मागे अशी दोन्ही लॉक चालकाच्या हातात दिलेली असतात. महिंद्राच्या थारच्या काही प्रकारांत मागचं लॉक आपोआप लागतं. एक चाक दुसऱ्यापेक्षा खूप वेगाने फिरायला लागलं की आतली यंत्रणाच ते ओळखते. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत लॉक नसतं. तिथे गाडीतला संगणक फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतो. म्हणजे आपल्या ड्रायव्हरदादाची ब्रेकची युक्तीच ती. पण लॉकची शिस्त सगळीकडे सारखीच. कोरड्या डांबरी वळणावर ते लावायचं नाही.

आता मी सुरुवातीला म्हटलं होतं त्या गोष्टीकडे येते. लक्ष देऊन ऐका.

लॉक लावलं तरी कधी कधी ट्रॅक्टर निघत नाही. दोन्ही चाकं गाळात असतात, किंवा ट्रॅक्टरचं पोट चिखलावर टेकलेलं असतं. अशा वेळी माणसं हट्टाला पेटतात. चाकापुढे ओंडका टाकतात, तो साखळीने चाकाला बांधतात आणि पुढचा गिअर टाकून जोर देतात. हे कधीही करू देऊ नका. कारण असं आहे. इंजिन चाक फिरवायला बघतं. चाक अडकलेलं असेल, फिरूच शकत नसेल, तर तीच ताकद ट्रॅक्टरचं तोंड वर उचलते. चाक फिरत नाही म्हटल्यावर ट्रॅक्टरच चाकाभोवती फिरायला बघतो. पुढची चाकं हवेत जातात आणि ट्रॅक्टर मागच्या मागे ड्रायव्हरच्या अंगावर उलटतो. याला एक-दोन सेकंद लागतात. उडी मारायला वेळ मिळत नाही. आणि ध्यानात घ्या, लॉक लावल्यावर दोन्ही चाकं एकत्र जोर लावतात, म्हणून हा धोका लॉकमुळे कमी होत नाही.

मग काय करायचं? चाक जागेवर फिरायला लागलं की लगेच थांबायचं. हट्ट नाही. मागचं अवजार उचलून किंवा सोडून ट्रॅक्टर हलका करायचा. अवजाराजवळ जायच्या आधी पी.टी.ओ. बंद, इंजिन बंद. फिरत्या शाफ्टमध्ये पदर किंवा ओढणी अडकली तर सोडवायला वेळ मिळत नाही. चाकाच्या मागचा गाळ फावड्याने काढायचा आणि शक्यतो रिव्हर्समध्ये, आलो त्याच वाटेने मागे यायचं. रिव्हर्स घेताना ट्रॅक्टरचं तोंड खाली दाबलं जातं, वर उचललं जात नाही. तरीही निघाला नाही तर दुसरा ट्रॅक्टर बोलवायचा. मजबूत साखळी, खाली असलेल्या हुकालाच बांधायची, उंचावर नाही. ओढ हळू, झटका नाही. आणि मुलांना, बघ्यांना साखळीच्या लांबीपेक्षाही लांब उभं करायचं. तुटलेली साखळी किंवा दोर चाबकासारखा येतो.

एका तासाचं भाडं बुडेल म्हणून कोणाच्याही घरच्या माणसाचा जीव पणाला लावायचा नाही. ड्रायव्हर आपल्या गटाचा कामगार असला तरी तो कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी नवरा आहे. "दादा, राहू दे, दुसरा ट्रॅक्टर बोलावू," हे मालक म्हणून आपण म्हणायला हवं. आपण म्हटलं तरच तो थांबेल. नाहीतर त्याला वाटतं, मालकिणी रागावतील.

पुढच्या बैठकीत एक छोटा प्रयोग करा. एक लांब काठी घ्या. दोघी जणी काठीच्या दोन टोकांना उभ्या राहून ती अडवून धरा. तिसरीने काठीच्या मधोमध एक बोट लावून पुढे ढकलायचं. दोघींना सारखा जोर जाणवेल. आता एकीने हात सोडून द्या. काठी फिरेल आणि दुसरीला काहीच जोर लागणार नाही. हे मोकळं डिफरन्शियल. आता तिसरीने एक बोट न लावता काठी दोन्ही हातांनी, लांब अंतरावर घट्ट धरायची आणि ढकलायचं. एकीने हात सोडला तरी दुसरीला जोर लागेल. हे लॉक. पाच मिनिटांत सगळ्यांना कळेल, अगदी कधी शाळेत न गेलेल्या आजींनाही.

आणि मग बैठक संपल्यावर सगळ्यांनी ट्रॅक्टरजवळ जा. ड्रायव्हरदादाला म्हणा, "लॉकचं पेडल दाखवा. दाबून दाखवा. स्प्रिंगने वर येतंय का ते बघू." त्या पेडलजवळची माती काढलीय का, सांध्याला ग्रीस आहे का, मागच्या हाउसिंगचं तेल केव्हा बदललं, ब्रेकची कडी आहे की हरवली, हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं तारखेसह वहीत लिहा. हंगामाच्या आधी एकदा आणि हंगामाच्या मधे एकदा. गॅरेजमध्ये मागची दोन्ही चाकं स्टँडवर उचललेली असतील तर आणखी एक गंमत बघायला मिळते. इंजिन बंद आणि गिअर टाकलेला असताना मेकॅनिकला एक चाक हाताने पुढे फिरवायला सांगा. दुसरं चाक उलटं, मागे फिरेल. ते का, हे आता तुम्हीच त्याला समजावून सांगू शकता. क्राऊन शून्यावर उभा आहे, म्हणजे बेरीजही शून्यच झाली पाहिजे.

आपल्यापैकी कोणी ट्रॅक्टर चालवायला शिकत असेल तर फारच छान. पण प्रत्येकीने चालवलाच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच, की हिशेबवही जशी आपण दुसऱ्याच्या हातात सोडत नाही, तसं यंत्रही पूर्णपणे दुसऱ्याच्या भरवशावर सोडू नये. मेकॅनिकने "मागचं काम निघालंय" म्हटलं, की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघाला पाहिजे, "लॉक लागतंय का ते बघितलं का?" एवढ्या एका प्रश्नाने समोरच्याच्या बोलण्याचा सूर बदलतो. हे मी गावोगावी पाहिलेलं आहे.

तुमच्या भागात ओली जमीन, काळं रान, उताराची खाचरं, जे काही असेल, तिथे तुमचे ड्रायव्हर काय युक्त्या वापरतात ते गटाच्या बैठकीत बोला आणि आपल्या रेडिओ केंद्रावर कळवा. एका गावाची युक्ती दुसऱ्या गावाच्या कामाला येते.

पाऊस तोंडावर आहे. खाचरं भरतील, ट्रॅक्टर उतरतील. कामं वेळेवर होवोत, भाडी वसूल होवोत, आणि सगळी माणसं संध्याकाळी सुखरूप घरी येवोत. माझं बोलणं इथे थांबवते. नमस्कार.